खोदण्याआधी

कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन रुंद असतो. सिंगल मोड फायबरच्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो, तो जेमतेम ९ मायक्रॉनचा. रुईचा एक सुटा तंतू कनेक्टरच्या टोकावर बसला, तरी सगळी वाट झाकायला तो पुरतो. चांदूर रेल्वे, धामणगाव, तिवसा, नांदगाव खंडेश्वर या पट्ट्यात दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात हवेतच रुई तरंगत असते, म्हणून इथल्या वाचकाला ही गोष्ट सगळ्यांत आधी सांगितली. नेटवर्कवरची पुस्तके लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मोठ्या शहरातली काचबंद, थंडगार सर्व्हर रूम असते. त्यांत धूळ एका ओळीत उरकते आणि घूस तर येतच नाही.

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडावे असे वाटते ते लोक वेगळे आहेत. जिनिंग-प्रेसिंगचा मालक, दालमिलवाला, बाजार समितीचा सचिव, शाळा-महाविद्यालयाचा संस्थाचालक, वीस खाटांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर. आणि या सगळ्यांकडे "जरा नेट पाहून दे रे" म्हणून बोलावला जाणारा एक पोरगा. त्याने डिप्लोमा केलेला असतो, कॅमेरे बसवता बसवता तो स्विचपर्यंत पोचलेला असतो, आणि गावातल्या निम्म्या धंद्यांचे पासवर्ड त्याच्या डोक्यात असतात. डोक्यातच असतात, ही खरी अडचण. त्याला पुण्यात नोकरी लागली की नेटवर्कही त्याच्याबरोबर पुण्याला जाते.

या पुस्तकाचा सारा खटाटोप त्यावर आहे. नेटवर्क माणसाच्या डोक्यातून काढून कागदावर आणायचे, आणि तेही केबल जमिनीत जाण्याआधी.

चांदूरला रुळांकडेच्या तारा नव्या नाहीत. वऱ्हाडच्या कापसावर डोळा ठेवून मुंबईहून निघालेला जीआयपी रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब आले. पुढे याच मार्गावर २५ हजार व्होल्टची वाहिनी आली. अशा वाहिनीला समांतर धावणाऱ्या तांब्याच्या तारेत जवळच्या विद्युतप्रवाहामुळे आपोआप व्होल्टेज तयार होते. काचेच्या तंतूला त्याची बाधा नाही. सप्टेंबर २००० मध्ये रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिने रेल्वेच्या हद्दीतून देशभर फायबरचे जाळे पसरले. रेल्वेकडे काही काच ओढण्याचा कारखाना नव्हता. तिच्याकडे होती जागा, तीही सलग आणि स्वतःच्या मालकीची. फायबरच्या धंद्यात केबल बाजारात विकत मिळते, वाट मिळत नाही. हा धडा देशाला जितका लागू आहे, तितकाच तुमच्या चार एकरांच्या आवारालाही.

२०११ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या, असा तो बेत. २०१५ मध्ये त्याचेच नाव भारतनेट झाले, आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने राज्याने हाती घेतले. या योजनांचे यशापयश हा वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे की सरकारी असो वा खासगी, बाहेरची लाइन फार तर तुमच्या दाराशी येते. दारापासून काट्यापर्यंत, गोदामापर्यंत, ओपीडीपर्यंत काय टाकायचे हे तुमचे तुम्हालाच ठरवावे लागते, आणि तिथेच हयगय होते.

समजा, एक जिनिंग आहे. फाटकाशी ट्रक-ट्रॅक्टर तोलण्याचा काटा, मध्ये ऑफिस, त्यामागे जिन हॉल, पलीकडे प्रेस, टोकाला सरकीचे गोदाम, आणि सगळीकडे मिळून बत्तीस कॅमेरे. काटा ते ऑफिस १४० मीटर. तांब्याची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंतच चालते, आणि त्यात दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डही धरलेल्या असतात. मग काय होते? अर्ध्या वाटेवर कडुनिंबाच्या खोडाला एक प्लॅस्टिकची पेटी ठोकली जाते, तिच्यात हजार-बाराशेचा स्विच बसतो आणि त्याला वीज द्यायला गोदामातून वायर ओढली जाते. मे महिन्यात वऱ्हाडातला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा त्या पेटीच्या आत काय होत असेल ते सांगायला नको. हंगाम ऐन भरात असताना ती पेटी मान टाकते आणि काट्यावर वजने वहीत लिहावी लागतात.

अंतराहून मोठे कारण विजेचे आहे. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असते. मृगाच्या सरींबरोबर जवळपास वीज पडली की त्या दोन अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो, आणि इमारतींना जोडणारी तांब्याची केबल तो फरक इकडून तिकडे वाहून नेते. दुसऱ्या दिवशी स्विचचे चार पोर्ट गेलेले, कॅमेऱ्याचा डीव्हीआर गेलेला, आणि मालक म्हणतो की मालच हलका होता. माल हलका असेलही; पण दोन इमारतींमध्ये तांबे टाकले तिथेच हे नुकसान लिहिले गेले होते. माझे मत या बाबतीत पक्के आहे: इमारतीच्या आत तांबे, इमारतीच्या बाहेर फायबर, अंतर तीस मीटर असले तरीही.

इथे एक पोटकलम आहे, आणि ते गाळले तर वरचा सगळा उपदेश फुकट जातो. घुशींच्या भीतीने आपण आर्मर्ड केबल घेतो. तिच्यात स्टीलची पट्टी असते. ती पट्टी दोन्ही बाजूंच्या रॅकला जोडून ठेवली, तर काच टाकूनही आपण दोन इमारती धातूनेच जोडल्या असे होते. पट्टीचे अर्थिंग कुठे व कसे करायचे, यावर तिसऱ्या प्रकरणात सविस्तर लिहिले आहे. काचतंतूंचे वेष्टण असलेली, उंदरांना दाद न देणारी, धातुविरहित केबलही मिळते. थोडी महाग पडते आणि मागवावी लागते, पण आमच्याकडच्या पावसाळ्याचा विचार करता मला तीच जास्त पटते.

मग माती. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. नुसती पुरलेली केबल या हालचालीत ताणली जाते. म्हणून केबल पाइपातच हवी. टेलिकॉमवाले वापरतात तो ४० मिलिमीटरचा एचडीपीई पाइप उत्तम. चराच्या तळाला वाळू, वर इशाऱ्याची रंगीत पट्टी, वळणावर चेंबर, दोन्ही टोकांना काही मीटर जादा केबल गुंडाळून ठेवलेली, आणि पाइपात पुढच्या केबलसाठी एक दोरी सोडलेली. ट्रक जिथून वळतात तिथे पाइपावर आणखी एक जाड पाइप. खोदण्याचे दिवस आपल्याकडे ठरलेलेच आहेत: खरेदी आटोपल्यावर, म्हणजे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. रोहिणी लागल्यावर चर उघडा राहिला, तर तो बुजवण्याचाच खर्च वाढतो.

आणि चर उघडाच आहे, तर त्यात किती कोअरची केबल टाकायची? आज दोन कोअर लागतात म्हणून दोनचीच मागवणारे लोक आहेत. मजुरी तीच, जेसीबीचे भाडे तेच, पाइप तोच. २ आणि १२ कोअरच्या केबलमधला फरक एकूण खर्चात कुठल्या कुठे विरून जातो. दोन कोअर कामाला, दोन राखीव, बाकीच्या उद्याच्या कामाला: सौर पॅनेलचा इन्व्हर्टर, आगीचा अलार्म, कदाचित शेजारच्या भावाची दालमिल. बारा घ्या. या पुस्तकातला एवढाच सल्ला मी विचार न करता पाळा असे म्हणेन.

मल्टिमोड की सिंगल मोड, हा वाद जुन्या सल्लागारांना अजून प्रिय आहे. एके काळी सिंगल मोडची उपकरणे फार महाग होती, तेव्हा त्यात तथ्य होते. ओएम-३ दर्जाच्या मल्टिमोडवर १० गिगाबिट ३०० मीटर जाते. सिंगल मोडवर साध्या एलआर मॉड्यूलने १० किलोमीटर. नव्या कामात सिंगल मोडच टाकावे. जुने मल्टिमोड अंथरलेले असेल, तर ते उपटू नका, पण नव्याशी जोडूही नका. ९ मायक्रॉनचा गाभा ५० मायक्रॉनच्या गाभ्याशी जोडला की एका दिशेने काम चालल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या दिशेने प्रकाश सांडतो.

आता डीबी. हे नाव ऐकले की पुष्कळ जण मान फिरवतात, पण त्यामागचे गणित चौथीच्या मुलाला जमेल असे बेरजेचे आहे. ३ डीबी गेले म्हणजे निम्मा प्रकाश गेला. १० डीबी गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला. २० गेले म्हणजे शंभरावा. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले की काच पुरेशी शुद्ध केली, तर ती दूरसंचाराला चालेल. त्यांनी धरलेली हद्द होती किलोमीटरमागे २० डीबी. त्या काळच्या काचेत हजारच्या घरात डीबी जात, म्हणून पुष्कळांना ते स्वप्नरंजन वाटले. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती हद्द गाठली. काओंना २००९ साली नोबेल मिळाले. आपल्या पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५० च्या दशकात काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेऊन दाखवली होती आणि या शास्त्राचे नाव रूढ केले होते. त्यांना नोबेल मिळाले नाही, याची हळहळ आपल्याकडे अजून आहे.

हा इतिहास इथे आणण्याचे कारण हिशेबाचे आहे. २० डीबीच्या त्या काचेत एका किलोमीटरनंतर १ टक्का प्रकाश उरायचा. आज बाजारात मिळणाऱ्या सिंगल मोड फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डीबी जातात, म्हणजे ९२ टक्के उरतो. मग आपल्या ४०० मीटरच्या आवारात काचेने किती खाल्ले? ०.१५ डीबीसुद्धा नाही. दोन टोकांच्या कनेक्टर जोड्या, प्रत्येकी जास्तीत जास्त ०.७५ धरून, दीड डीबी. दोन्हीकडे पिगटेल स्प्लाइस केल्याचे आणखी ०.२. एकूण दोनच्या आत. १० गिगाबिटच्या एलआर मॉड्यूलला ६.२ डीबीपर्यंत चालते. आणि मीटर जर ९ दाखवत असेल, तर अंतराला दोष देऊ नका. कुठे तरी टोक मळले आहे, केबल कुठे दुमडली आहे, किंवा कोणी हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसला आहे. हिरव्याचे टोक ८ अंशांत तिरपे घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. इंटरनेटवाल्याच्या पेटीत हिरवा आणि आपल्या स्विचच्या मॉड्यूलमध्ये निळा, ही नेहमीची गाठ आहे. दोन्ही टोके वेगवेगळी असलेली पॅच कॉर्ड मिळते. ती आणायला अमरावतीला जावे लागेल, पण जा.

इथवर जमिनीतले काम झाले. पुस्तकाचा उत्तरार्ध स्विचच्या आतल्या कामावर आहे, आणि ठेकेदार नेमका तो अर्धवट टाकून जातो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

बत्तीस कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटने चालले तर १२८ मेगाबिट होतात. मध्ये १०० मेगाबिटचा स्वस्तातला मीडिया कन्व्हर्टर असेल, तर उत्तम फायबरवरही चित्र अडखळणार आणि बोल लागणार तो फायबरला. कॅमेरे, हिशेबाचे संगणक, काटा आणि पाहुण्यांचा वाय-फाय या चारही गोष्टी एकाच जाळ्यात मोकळ्या सोडणे म्हणजे पाहुण्याच्या मोबाइलला हिशेबाच्या संगणकापर्यंत वाट देणे. एकाच केबलवरून त्यांना वेगळे ठेवता येते. त्याला व्हीलॅन म्हणतात, आणि त्यासाठी मॅनेज्ड स्विच लागतो. तोच स्विच दुसऱ्या एका संकटातूनही वाचवतो. झाडलोट करताना कोणी लोंबणारी केबल दिसली म्हणून तिचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये खोचते. इथरनेटच्या संदेशाला आयुष्याची मर्यादा नसते. तो त्या वेटोळ्यात फिरत राहतो, वाढत राहतो, आणि मिनिटभरात सगळे बंद. १९८५ साली रेडिया पर्लमन या अभियंत्या बाईंनी यावर स्पॅनिंग ट्री नावाचा उपाय काढला. बाजारातल्या सगळ्यांत स्वस्त स्विचमध्ये तो बहुधा नसतो, आणि मॅनेज्ड स्विचमध्येही तो चालू आहे की नाही हे पाहायला कोणी जात नाही.

एक वाट तुटली तर दुसरी असावी म्हणून रिंग करा, असे हल्ली सर्रास सुचवले जाते. सल्ला चांगला आहे. पण रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेलेल्या मी पाहिल्या आहेत. जेसीबीच्या एका घासात दोन्ही जातात.

घड्याळाबद्दल या पुस्तकात एक छोटे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते वाचून काहींना हसू येईल. शेतकऱ्याशी वजनावरून वाद झाला की काट्याच्या पावतीवरची वेळ आणि कॅमेऱ्यातली वेळ जुळवून पाहतात. पावती म्हणते ११:४०, कॅमेरा म्हणतो ११:५३. मग त्या चित्रीकरणाला काय अर्थ राहिला? सगळ्या उपकरणांची वेळ एका ठिकाणाहून घ्यायची सोय दहा मिनिटांत होते. शेतकऱ्याच्या बाजूनेही ती तितकीच गरजेची आहे.

आता पुन्हा कागदाकडे. फायबरच्या बारा कोअरना बारा रंग असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. कोणता रंग कुठून कुठे जातो, कोणत्या पोर्टवर कोणता व्हीलॅन, कोणत्या यंत्राला कोणता पत्ता, स्विचची सेटिंग कोणत्या तारखेला बदलली, चर भिंतीपासून किती फुटांवर आहे. हे सारे चार-पाच पानांत मावते. ती पाने ऑफिसच्या फायलीत, सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर, आणि पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या तिजोरीत. ठेकेदाराकडे नव्हे, पोराकडेही नव्हे.

यात ठेकेदाराची बाजूही सांगायला हवी. मालक पहिला प्रश्न विचारतो, "मीटरचा भाव काय?" मग ठेकेदारही मीटरवरच भाव देतो, आणि ज्या कामांना मीटर लागत नाही ती सगळी त्यातून गळतात: टोके घासूनपुसून तपासणे, लेबल, नकाशा, सेटिंग. काम संपल्यावर तो लाल दिव्याचा टॉर्च एका टोकाला लावतो, दुसरीकडे लाल ठिपका दिसतो आणि तो म्हणतो, "लाइट येऊन राह्यला ना भाऊ, आता आणखी काय पाह्यजे?" लाल ठिपक्यावरून इतकेच कळते की तंतू तुटलेला नाही. प्रत्येक कोअरचे पॉवर मीटरचे वाचन १३१० आणि १५५० या दोन्ही तरंगलांबींवर मागा. केबल कुठे दुमडली असेल, तर १५५० वर ते जास्त स्पष्ट दिसते. ओटीडीआरचा आलेखही कोअरवार मागा. आणि हे मागायचे असेल, तर पैसे देताना नव्हे, कोटेशन मागवतानाच मागा. त्याचे दोन पैसे जास्त द्या.

जे या पुस्तकात नाही तेही सांगतो. इंटरनेट कोणाकडून घ्यावे, याची चर्चा नाही. ती दर सहा महिन्यांनी शिळी होते. वाय-फायवर दोनच पाने आहेत. मोठ्या डेटा सेंटरबद्दल काही नाही. सुरक्षेचे दोन नियम मात्र प्रत्येक प्रकरणात मुद्दाम पुन्हा पुन्हा आले आहेत: चालू फायबरच्या टोकात कधीही डोकावून पाहू नका, कारण हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण डोळ्यांना इजा करू शकतो, आणि कापलेल्या काचेचे तुकडे झाडूने लोटू नका, चिकटपट्टीवर उचलून डबीत बंद करा. जिथे स्प्लायसिंग चालू आहे, तिथे डबा उघडून जेवायला बसू नका.

पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक काम करावे. आपल्या आवाराचा मंजूर बांधकाम नकाशा कपाटातून काढावा, त्याची मोठी प्रत काढून घ्यावी आणि टेप घेऊन स्वतः पायी फिरावे. फाटक ते ऑफिस किती, ऑफिस ते गोदाम किती, हे त्यावर लिहावे. वायरमनला आणि जुन्या चौकीदाराला बरोबर घेऊन जमिनीखालची विजेची केबल, बोअरची लाइन आणि सांडपाण्याची नाली कुठून जाते ते पेन्सिलीने आखावे. पुढची सगळी प्रकरणे त्या कागदावर खुणा करत करत वाचायची आहेत. तो कागद समोर नसेल, तर हे पुस्तक तूर्त बाजूला ठेवा आणि ठेकेदारालाही अजून बोलावू नका.

चांदूर रेल्वे,
अक्षय्य तृतीया